पट्टीच्या अलीकडे

"आता ओढ," मी म्हणालो.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. समज, इंजिन गेलंय आणि ती समोरची रस्त्याची रेघ म्हणजे आपली उतरायची पट्टी. पोचशील असं वाटत नाही ना? मग ओढ ते हातातलं चाक पोटाशी. बघू या काय होतं ते."

आर्डिसनं चाक ओढलं. विमानाचं नाक वर झालं, वाऱ्याचा आवाज मंदावला आणि क्षणभर आम्ही खरोखरच तरंगलो.

"अगं बाई! हे तर वर चाललं की!"

"थांब जरा."

दोन श्वास गेले असतील. मग विमान बुडाकडून खाली बसायला लागलं. नाक आभाळाकडे, आणि आम्ही जमिनीकडे. वेगाचा काटा सत्तरावरून घसरत पन्नासाच्या घरात आला. मघाशी हातात आल्यासारखी वाटणारी ती रेघ आता आणखी लांब गेली होती.

"हात काय म्हणतोय तुझा?" मी विचारलं.

"ओढ म्हणतोय. अजून ओढ."

"त्याचं ऐकू नकोस. सोड."

तिनं सोडलं नाही. शेवटी मीच चाक पुढे लोटलं आणि इंजिन वाढवलं. आम्ही चांगले उंचावर होतो, खाली गहू कापलेली मोकळी रानं होती, भिण्यासारखं काही नव्हतं. तरी तिनं चाकावरची पकड सैल केली नाही.

"वर्लिननं हेच केलं, हो ना?" ती म्हणाली.

मी काट्यांकडे बघत राहिलो.

"सेल्मर, मी तुला विचारतेय. त्यानं ओढलं नसतं तर पोचला असता का?"

"आधी खाली उतरू या," मी म्हणालो. विमान शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य फार उपयोगी पडतं.

आर्डिस क्वामे म्हणजे आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई. नॉर्थ डकोटातल्या या आमच्या एवढ्याशा गावात दोन पिढ्या तिच्या हातचं खाऊन मोठ्या झाल्या. ठेंगणी, रुंद मनगटांची, बोलायला फटकळ. कुणी पोरानं गाजर ताटात टाकलं तर त्याच्या आईला चर्चमध्ये गाठून सांगणारी. तिचा नवरा वर्लिन रेल्वेजवळच्या धान्याच्या कोठारावर कामाला होता. साधा माणूस. दर शनिवारी माझं विमान भाड्यानं घेऊन गावावर दोन चकरा मारायच्या, एवढीच काय ती चैन. त्याला मीच शिकवला होता, आणि चांगला शिकवला होता.

आमच्याकडे दर सप्टेंबरात अग्निशमन दलाची न्याहारी असते. गवताच्या पट्टीशेजारी मोठे तवे लावायचे, अख्ख्या गावाला पॅनकेक घालायचे आणि त्या पैशातून नळ्या न् पंप घ्यायचे. आसपासच्या गावांतून लोक आपापली विमानं घेऊन येतात. आणि एक रीत आहे, कुणी पाडली देव जाणे. आपलं माणूस वरून यायला लागलं की घरच्यांनी पट्टीच्या दक्षिण टोकाला, कुंपणापाशी जाऊन उभं राहायचं आणि हात करून त्याला आत घ्यायचं. बायका अंगावरच्या एप्रनसकट धावत जातात.

वर्लिन गेला त्या वर्षी त्यानं सकाळभर पोरासोरांना चकरा मारून आणल्या. शेवटची फेरी एकट्याची होती. इंधनाच्या टाकीत कुठून तरी पाणी शिरलं होतं, आणि नेमकं कोठारावर आल्यावर इंजिन बंद पडलं. मी तव्यापाशी होतो. आवाज थांबला तसं मी उलथनं हातात धरूनच वर पाहिलं. उंची ठीक होती. वाराही समोरचा असला तरी मंद होता. मी मनात म्हटलं, येतोय, बरोबर येतोय, असाच ये. आणि मग सूर्यफुलांच्या शेतावर आल्यावर त्याचं नाक वर जाताना मला दिसलं. मला तेव्हाच कळलं. बाकी कुणाला कळलं नाही, कारण नाक वर गेलं की बघणाऱ्याला वाटतं, चढतंय विमान, वाचला. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग विमान कुंपणाच्या अलीकडे, त्या सूर्यफुलांत पडलं.

आमची माणसं मनानं वाईट नाहीत. दुःख झालं त्या घरी सात घरची हॉटडिश, म्हणजे भट्टीतल्या गरम जेवणाची भांडी, जाऊन पोचतात, वर पाव आणि केकही. पण खरं एक अक्षर कुणी बोलणार नाही. पास्टर म्हणाले, वेळ आली होती. शेताचा मालक क्लिफर्ड म्हणाला, "पोचलाच नसता गं तो. जगातला कुठलाही वैमानिक पोचला नसता." जन्मात विमानात न बसलेला माणूस! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? पण क्लिफर्डलाही दोष कसा देऊ. त्या जागेवर तो अजून नांगर घालत नाही. तेवढा तुकडा सोडून पेरतो, आणि तिथे सूर्यफुलं आपली आपणच उगवतात, बाकीच्यांपेक्षा बुटकी, कुठेही तोंडं केलेली. विमान उतरवताना त्या तुकड्यावरून जावंच लागतं. मी इतकी वर्षं जातोय, आणि दर वेळी पाठीत शिरशिरी येते.

चाक ओढून बघितलं त्या दिवशी उतरल्यावर आर्डिस माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसली. मी कॉफी ओतली.

"तुला माहितीय मी तुझ्याकडेच शिकायला का आले?" तिनं विचारलं.

"गावात दुसरा कुणी शिकवणारा नाही म्हणून."

"थट्टा पुरे. सगळ्यांनी मला सांगितलं, पोचलाच नसता. एकट्या तू कधी काही बोलला नाहीस. अंत्यविधीला आलास, लाकडं फोडून दिलीस, घराच्या पन्हळी साफ केल्यास, पण हे एक वाक्य तुझ्या तोंडून कधी आलं नाही. मी तेव्हाच ओळखलं, याला काहीतरी माहीत आहे."

मी म्हटलं, "आर्डिस, कळून काय करणार आहेस?"

"भांडी घासायला उभी राहिले की खिडकीत मला ते नाक दिसतं. वर जातं. वर जातं आणि खाली येतच नाही. इतकी वर्षं झाली, ते विमान अजून तिथेच टांगलंय, माझ्या खिडकीत. ते मला उतरवायचंय. पोचला नसता, तर नसता. नशीब म्हणेन, रडेन, मोकळी होईन. आणि पोचला असता, तर तेही कळू दे."

माझी बायको लव्हॉन हे ऐकून माझ्यावरच उखडली. "मेलेला माणूस परत येणारेय का? त्या बाईला कसंबसं दोन घास जायला लागलेत, आणि तू चाललास जखमेवरची खपली काढायला!" मला तिचंही पटत होतं. मला दोघींचंही पटत होतं, हीच तर पंचाईत होती. पण आर्डिस दर मंगळवारी, शाळेचं जेवण आटोपलं की केसांना वाफेचा वास घेऊन हजर व्हायची, आणि मी तिला शिकवत राहिलो.

शिकायला ती हुशार निघाली. एकदा मी तिला फळ्यावर समजावत होतो, की हवा विमानाला दोन तऱ्हांनी अडवते. जोरात गेलं तर समोरून धक्का देते, वेग थोडा वाढवला की धक्का फार वाढतो. आणि फार हळू गेलं तर विमान तोलून धरायला पंख हवेत तिरपा करावा लागतो, मग तो तिरपा पंखच हवेला ओढत बसतो. दोन्हीच्या मध्ये एक वेग असतो, तिथे हवा सगळ्यात कमी अडवते. इंजिन गेलं की तो वेग धरायचा. त्या वेगानं जितकं लांब जाता येईल तितकं दुसऱ्या कशानंही जाता येत नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "पळीसारखं म्हण की. लापशीच्या मोठ्या भांड्यात पळीची कड पुढे करून धरली तर सरसर फिरते. फार भराभर फिरवली तर हात भरून येतो. आणि तिरपी झाली, तर हळू फिरवूनसुद्धा मनगट मोडतं."

"अगदी तेच."

"आपल्या या विमानाचा तो वेग सत्तर."

"सत्तर."

"आणि पट्टी लांब दिसली, की पळी तिरपी करावीशी वाटते."

"प्रत्येकाला वाटते. मलासुद्धा. म्हणून पट्टीकडे बघत बसायचं नाही. काट्याकडे बघायचं. पट्टी यायची असेल तर येईल."

फळ्याकडे बघत ती म्हणाली, "हे त्याला माहीत होतं?"

"पाठ होतं त्याला. तो नव्या पोरांना सांगायचा."

फडकं उचलून तिनं फळ्यावरचं पुसून टाकलं आणि घरी गेली.

ऑगस्ट सरला, सूर्यफुलांच्या माना जड झाल्या. एका मंगळवारी वारा उत्तरेचा, मंद, थेट पट्टीच्या रेषेत. ती गाडीतून उतरली तीच आभाळाकडे बघत. मला कळलं, आज काही हिची सुटका नाही, आणि माझीही.

"हाच वारा होता," ती म्हणाली.

"जवळपास."

"मग चल."

आम्ही वर गेलो. वर्लिनची त्या दिवशीची उंची मला पाठ होती, विसरायचं म्हटलं तरी विसरता आली नसती. कोठाराच्या पत्र्याच्या माथ्यावर आलो आणि मी तिला खूण केली. तिनं स्वतःच्या हातानं इंजिन मंद केलं. ते साफ बंद करू देण्याइतका मी शूर नाही. एकदम शांत झालं. नुसता वाऱ्याचा आवाज.

"बोलू नकोस माझ्याशी," ती म्हणाली.

तिनं नाक खाली सोडलं आणि काटा सत्तरावर आणून बसवला. समोर पट्टी होती, बोटभर, हिरवी, फार लांब. तिच्या अलीकडे क्लिफर्डचं पिवळं शेत. खरं सांगतो, मलाही वाटलं की हे काही पोचत नाही. माझा हात मांडीवरून उचलला जात होता, तो मी दुसऱ्या हातानं दाबून धरला. आर्डिसची नजर काट्यावर. ओठ घट्ट मिटलेले. शेत वर यायला लागलं, एकेक फूल वेगळं दिसायला लागलं, आणि तो न नांगरलेला तुकडा आमच्या चाकांखालून निघून गेला. मग कुंपण निघून गेलं. मग गवत आलं. चांगली भरपूर पट्टी शिल्लक ठेवून तिनं विमान टेकवलं. तिनं आजवर उतरवलं त्यातलं ते सगळ्यात मऊ उतरणं होतं.

विमान थांबलं. तिनं इंजिन बंद केलं.

"पोचला असता," ती म्हणाली.

"हो."

"आरामात पोचला असता."

"हो, आर्डिस."

मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही, भडकली. "मग ओढलं कशाला त्या गाढवानं? पाठ होतं ना त्याला? दुसऱ्यांना सांगायचा ना? काट्याकडे बघायचं सोडून कुठे बघत होता हा माणूस?"

तिचं बोलणं तिथेच तुटलं. ती मान वळवून मागे, पट्टीच्या दक्षिण टोकाकडे बघत राहिली. कुंपणापाशी त्या वेळी कुणी नव्हतं. हा एकच प्रश्न तिनं कधी विचारू नये म्हणून मी इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलो होतो.

"मी तिथे उभी होते," ती सावकाश म्हणाली. "नाक वर गेलं तेव्हा मला वाटलं, चढतोय, आला. मी आणखी जोरात हात केला. दोन्ही हात केले."

"आर्डिस, त्या दिवशी शंभर माणसं उभी होती."

"बाकीची शंभर त्याची बायको नव्हती." तिनं पट्टा सोडला, दार उघडलं. "मी तिथे जाऊन उभी राहते. तू एकटा वर जा. तसाच ये. आणि मला सांग, तिथून मी दिसते का."

"नको गं. असलं काही नको."

"सेल्मर रुस्टाड, गावानं मला पुष्कळ सांभाळलं. आता पुरे."

गेलो. काय करणार? कोठारावर आलो, इंजिन मंद केलं, काटा सत्तरावर धरला. पन्नास वर्षांत हजारदा केलेली गोष्ट. मनाला बजावलं, काट्याकडे बघ, नुसत्या काट्याकडे. पण मला पाठवलं होतं तेच मुळी बघायला. मी मान वर केली.

कुंपणापाशी ती उभी होती. एवढ्या लांबून माणूस ठिपक्याएवढा दिसतो, तरी ती आर्डिसच आहे हे कळत होतं. तिनं हात वर केला. मग दुसरा केला. आणि माझ्या हातानं चाक ओढलं. मी ओढलं असं मला म्हणवत नाही. मी शुद्धीवर होतो, मला सगळं ठाऊक होतं, आणि हात माझा असूनही माझा नव्हता. माझ्या जागी दुसरं कुणी तरी बसलंय, आणि त्याला घरी जायचंय, असं वाटलं. विमान तरंगलं. वाऱ्याचा आवाज गेला. नाक वर आलं तशी ती नाकाआड झाली, समोर नुसतं आभाळ उरलं. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. चाक पुढे लोटलं, इंजिन पूर्ण वाढवलं आणि सूर्यफुलांना घासत, कुंपणावरून कसाबसा आत येऊन आदळलो.

ती पट्टीवरून चालत आली. धावली नाही. मी पंखाखाली गवतात बसलो होतो.

"नाक वर गेलं तुझं," ती म्हणाली. "मी पाहिलं."

"हो."

"म्हणजे दिसले मी."

खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. पण ती माझ्यासमोर उभी होती आणि तिला सांभाळून घेतलेलं नको होतं.

"दिसलीस," मी म्हणालो. "स्पष्ट दिसलीस. आणि माझाही हात ओढला गेला, मला कळायच्या आत. मला तर तू कुणीही नाहीस, तरी ओढला गेला."

ओढल्यावर ती दिसेनाशी होते, शेवटी समोर नुसतं आभाळ उरतं, एवढं मात्र मी तिला सांगितलं नाही. ते माझ्यापाशीच राहिलं.

ती माझ्याशेजारी गवतात बसली. मग रडली, मोठ्यानं, नाक एप्रनला पुसत. मध्येच म्हणाली, "मला बघत होता तर." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मला बघत होता मेला." पट्टीपलीकडच्या रस्त्यानं क्लिफर्डचा ट्रक गेला. त्यानं सवयीनं हात केला. मी उलट हात केला नाही.

त्यानंतर ती शिकणं सोडून देईल असं लव्हॉन पैजेवर सांगत होती. पुढच्या मंगळवारी आर्डिस वेळेवर आली. तिच्या पापण्या सुजलेल्या होत्या, पण आवाज नेहमीसारखाच करडा.

"मी एकटीनं जायला तयार आहे का?" तिनं विचारलं.

"केव्हाचीच."

"मग आज जाते. एक सांगते. खाली कुणी उभं राहायचं नाही."

आमच्याकडे कुणी पहिल्यांदा एकटं उडालं की सगळे पट्टीवर जमतात, हात करतात, उतरल्यावर अंगावर बादलीभर पाणी ओततात. बातमी कुठून फुटली कुणास ठाऊक, पण क्लिफर्ड आला होता, लव्हॉन आली होती, शाळेतल्या दोन-तीन बाया आल्या होत्या. मी सगळ्यांना शेडमध्ये घातलं. क्लिफर्ड कुरकुरला, "अरे, ही काय पद्धत झाली? नुसतं बघू तरी दे!" मी त्याला आत ढकललं आणि सरकतं दार आतून ओढून घेतलं.

पत्र्याच्या त्या अंधारात आम्ही सगळे कान लावून उभे होतो. इंजिनाचा आवाज लांब गेला, कोठाराकडे वळला, परत यायला लागला. मग मंद झाला आणि थांबल्यासारखा झाला. लव्हॉननं माझी बाही घट्ट धरली. दाराच्या फटीतून पट्टी दिसली असती, पण कुणी फटीशी गेलं नाही. गवताला चाकं लागल्याचा आवाज येईपर्यंत आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो.